इंजिन सगळ्यांचं एकच

धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला दोन टोकांच्या गाड्या एकाच आवारात धावतात. नॅट्रॅक्स या सरकारी वाहन-चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटर लांबीची लंबवर्तुळाकार धावपट्टी जून २०२१ मध्ये सुरू झाली. आशियातली सगळ्यात लांब म्हणून तिचा बराच गवगवाही झाला. तिची वळणं ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाचा विचार करून तिरकी बांधलेली आहेत. ही धावपट्टी पूर्ण होण्याच्या किती तरी आधी, २००७ पासून, याच पीथमपूरच्या मातीत अभियांत्रिकीची मुलं स्वतः जोडलेल्या एका माणसाच्या गाड्या पळवत आली आहेत. पाइपांचा सांगाडा, चार फताडी चाकं आणि मागे फटफटणारं एक छोटं इंजिन, एवढाच ऐवज. वेग पन्नासाच्या आसपास. चिखल, दगड आणि खड्डे मात्र भरपूर.

स्पर्धेचं नाव बाहा एसएईइंडिया. मूळ कल्पना अमेरिकेतली. साउथ कॅरोलिना विद्यापीठात १९७६ मध्ये पहिली स्पर्धा झाली. पीथमपूर निवडण्यामागे चाचणी केंद्र होतंच, शिवाय आसपास वाहन-उद्योगाचा मोठा गोतावळा होता. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, इथे कारखाना काढला होता. कायनेटिकच्या स्कूटर इथे बनत होत्या, आयशरचे ट्रक इथलेच. तिकडे देवासला गजरा गिअर्ससारखे गिअर बनवणारे जुने कारखाने, किर्लोस्करांचे पंप, पुढे जॉन डिअरचे ट्रॅक्टर. त्यामुळे पुण्या-मुंबईहून किंवा कोल्हापूर-सांगलीकडून टेम्पोत गाडी घालून आलेल्या संघाचा एखादा हब ऐन वेळी तडकला, तर तो कापून देणारा माणूस या पट्ट्यात सापडण्याची शक्यता चांगली असते.

या प्रकरणात गाडी कशी बनवायची ते सांगायचं नाहीये, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला कुतूहल आहे ते नियमपुस्तकाचं. हौशी माणसांची, मर्यादित पैशांची, एकमेकांशी बोलणं टिकवून पार पडणारी गाडी-बांधणीची स्पर्धा भरवायची तर नियम कसे असावेत? धार-देवासमधल्या चार गॅरेजवाल्यांनी आणि दोन आयटीआयच्या मास्तरांनी उद्या ठरवलं की आपणही असं काही करू, तर त्यांनी बाहाकडून काय घ्यावं आणि काय सोडून द्यावं?

घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे इंजिनाचा नियम. बाहामध्ये वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच इंजिन होतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं ३०५ सीसीचं, दहा अश्वशक्तीचं. शेतीची छोटी अवजारं, जनरेटर, पंप यांना लावतात त्या जातीचं. दहा अश्वशक्ती म्हणजे साडेसात किलोवॉट, १२५ सीसीच्या मोटरसायकलपेक्षाही जरा कमीच. त्यात कसलाही फेरफार करायचा नाही. इंजिनाचा वेग रोखणारा गव्हर्नर मिनिटाला ३८०० फेऱ्यांवर बांधलेला, आणि तो परीक्षक तपासणार. पुढे अमेरिकेत इंजिन बदललं, कोलर कंपनीचं आलं, पण तेही सगळ्यांना एकच. आपल्याकडे कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती नावाची शर्यतीची गाडी आणली, तिच्यामागेही हाच विचार होता. इंजिन स्वस्त, सगळीकडे मिळणारं आणि सगळ्यांना सारखं.

या एका नियमाने किती गोष्टी मिटतात ते बघा. गाड्यांच्या दुनियेत पैसा सगळ्यात आधी इंजिनात जातो. कार्ब्युरेटर बदला, कॅम बदला, पिस्टन मोठा करा, आणि प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीपेक्षा दुप्पट खर्च. इंजिन गोठवलं की ही वाट बंद. शिवाय ताकद कमी असल्यामुळे अपघात झाला तरी तो पन्नासच्या वेगाचा असतो, शंभराचा नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते: ताकद सारखी असली की गाडी हळू का चालली याचं उत्तर आपल्याच हातकामात शोधावं लागतं. गिअरचं गुणोत्तर चुकलं, वजन जास्त झालं, चाकाचा कोन बिघडला. पैशाकडे बोट दाखवता येत नाही.

पण पैसा पाण्यासारखा आहे. एक फट बुजवली की दुसरीतून वाट काढतो. बाहामध्ये त्याने वाट काढली ती सांगाड्याच्या पाइपातून.

चालकाच्या भोवतीच्या पिंजऱ्याला रोल केज म्हणतात. गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून त्याच्या मुख्य पाइपांचं किमान माप नियमात ठरलेलं आहे: साधारण २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, ३ मिलिमीटर जाडी, आणि पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. हा झाला साधा १०१८ दर्जाचा पाइप. पण नियम पुढे म्हणतो की वेगळं माप चालेल, फक्त वाकण्याला विरोध आणि मजबुती या पाइपाइतकी तरी हवी, आणि ते गणिताने सिद्ध करा. मुलांनी गणित केलं. नळीचा वाकण्याला विरोध तिच्या बाहेरच्या आणि आतल्या व्यासांच्या चौथ्या घातांतल्या फरकावर ठरतो. म्हणून व्यास जरा वाढवला तर जाडी बरीच कमी करता येते. २५ बाय ३ च्या ऐवजी २९.२ बाय १.६५ मिलिमीटरचा पाइप घेतला, तर वाकण्याला विरोध सहा टक्क्यांनी वाढतो आणि वजन सुमारे एकतीस टक्क्यांनी घटतं. फक्त अशा पातळ नळीला मजबूत पोलाद लागतं, क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं ४१३० दर्जाचं. त्याचा भाव साध्या पाइपाच्या पुढे, ते प्रत्येक गावात मिळत नाही आणि त्याला वेल्डिंगही जपून करावं लागतं.

चालकासकट गाडी अडीचशे किलोची धरली आणि त्यातले पंचवीस किलो उतरवले, तर त्याच इंजिनात प्रवेग सुमारे अकरा टक्क्यांनी वाढतो. म्हणून ज्याच्याकडे पैसे त्याने ४१३० घ्यायचा, हे ओघानेच आलं. मग परदेशी हवेचे शॉक अॅब्सॉर्बर आले, हलकी चाकं आली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी भारतीय बुद्धी चालवली. महिंद्रा अल्फा या तीनचाकी टेम्पोचा गिअरबॉक्स, मारुती ८०० चा स्टिअरिंग रॅक, मोटरसायकलचे डिस्क ब्रेक. हे सगळं जुन्या बाजारात मिळतं, दुरुस्तीला कुणीही मेकॅनिक चालतो. अनेक संघांच्या पहिल्या गाड्या अशाच बनल्या आणि चालल्याही.

बाहाला हे चालतं, कारण तिथे उद्याचे इंजिनिअर घडवायचे आहेत आणि गणित करून हलका पाइप निवडणं हा त्याच शिक्षणाचा भाग आहे. गॅरेजवाल्यांच्या स्पर्धेला मात्र ते परवडणारं नाही. तिथे मी समतुल्यतेचं कलम सरळ काढून टाकेन. पाइप एकच, २५ बाय ३, साधा. ज्याला पटत नाही त्याने प्रेक्षकांत बसावं.

इथे कुणीही विचारेल की एवढा उपद्व्याप कशाला, एकूण खर्चावरच मर्यादा घाला ना. अमेरिकेत हा प्रयोग झाला. ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स नावाची भंगार गाड्यांची शर्यत २००६ पासून चालते. गाडीची किंमत पाचशे डॉलरपेक्षा जास्त नको, हा तिचा मूळ नियम. शर्यतीआधी परीक्षक गाडी बघतात, मालकाची कहाणी ऐकतात, आणि त्यांना पटलं नाही तर दर दहा डॉलरमागे एक फेरी कापतात. पुरावा म्हणून पावती दाखवता येते, पण पावतीवर कुणी फारसा विश्वास ठेवत नाही. निकाल परीक्षकाच्या मर्जीवर. तिथे ते चालतं, कारण शर्यतीचा सगळा रंगच विनोदाचा आहे, आणि चुकलेल्या चालकांना शिक्षाही वात्रट दिल्या जातात.

आपल्याकडे पाचशे डॉलरच्या जागी रुपयांचा आकडा घालून हाच नियम लावून पाहा. जुन्या बाजारातून आणलेल्या मालाला बिल कुठलं असतं? मामाच्या लेथवर फुकट करून घेतलेल्या कामाचे किती धरायचे? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किकवर चालू होणारी छोटी जीप बनवली, आणि २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर फिरली. खर्च सुमारे साठ हजार सांगितला गेला. महिंद्रा कंपनीने ती गाडी ठेवून घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. साठ हजार हा आकडा खरा मानला, तरी त्यात त्या माणसाच्या हातांचे पैसे नाहीत. तीच गाडी दुसऱ्या कुणी मजुरी देऊन करून घेतली असती तर आकडा कुठल्या कुठे गेला असता. आता समजा एका संघात असा कारागीर घरचाच आहे आणि दुसऱ्या संघात सगळे बँकेतले कारकून आहेत. खर्चाची मर्यादा दोघांना सारखी म्हणायची का?

बाहाने यावर एक युक्ती काढली आहे. संघाने असं समजायचं की आपली गाडी एक काल्पनिक कंपनी वर्षाला चार हजार नग या हिशेबाने बनवणार आहे, आणि त्या दृष्टीने खर्चाचा अहवाल द्यायचा. म्हणजे मामाची लेथ फुकट राहत नाही. प्रत्येक वळणाला, प्रत्येक छिद्राला, प्रत्येक सेंटिमीटर वेल्डिंगला दर लागतो. हिशेब सगळ्यांना सारखा होतो, पण तो मांडायला आणि तपासायला इतका वेळ जातो की त्यासाठी परीक्षकांची वेगळी फळी लागते. चार गॅरेजवाल्यांना ते झेपायचं नाही.

त्यापेक्षा जुनी आणि साधी युक्ती अमेरिकेतल्या मातीच्या रिंगणातल्या शर्यतींत आहे. तिथे काही वर्गांत असा नियम असतो की शर्यत संपल्यावर हरलेला स्पर्धक ठरलेल्या किमतीला जिंकणाऱ्याचं इंजिन मागून घेऊ शकतो, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. ज्याने ठरलेल्या किमतीच्या चौपट पैसे ओतले त्याचं इंजिन एक चतुर्थांश किमतीत जाणार. मग ओतेल कोण? पावती नको, परीक्षक नको, कुणाच्या खरेपणाचा प्रश्न नको. स्पर्धकच एकमेकांचे हिशेबनीस. शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतीतही तिकडे हीच पद्धत आहे.

मैत्रीच्या स्पर्धेत या नियमाला एक अडचण आहे. एखाद्याने वर्षभर जपलेलं इंजिन समोरच्याने उचलून नेलं तर पुढच्या वर्षी दोघे एका टपरीवर चहा पीत नाहीत. म्हणून मला वाटतं, आपल्याकडे तोच विचार उलटा लावावा. मोठ्या कार्टिंग स्पर्धांत, उदाहरणार्थ रोटॅक्स मॅक्स चॅलेंजच्या जागतिक अंतिम फेरीत, गाड्या आणि इंजिनं आयोजकच देतात आणि कुणाला कुठलं ते चिठ्ठी टाकून ठरतं. आपण असं करावं: प्रत्येक संघाने स्पर्धेच्या दिवशी सकाळी एक चालू इंजिन आणायचं. सगळी इंजिनं एका ओळीत ठेवायची, नंबर लावायचे, चिठ्ठ्या काढायच्या. जे निघेल ते गाडीवर चढवायचं. संध्याकाळी ज्याचं त्याला परत. यात कुणाची वस्तू जात नाही, पण स्वतःच्या इंजिनावर पैसे ओतले तर ते शेजाऱ्याच्या कामी येतात. उलट खराब इंजिन आणून शेजाऱ्याला गोत्यात आणायचा मोह होईल, तर त्यालाही उपाय आहे. चिठ्ठी काढण्याआधी प्रत्येक इंजिन सगळ्यांसमोर किक मारून सुरू करायचं आणि दहा मिनिटं चालू ठेवायचं. बंद पडलं किंवा धूर काढायला लागलं, तर आणणाऱ्याचा संघ त्या दिवशी प्रेक्षकांत.

अर्थात यासाठी इंजिन असं हवं की सगळ्यांकडे असेल आणि चढवायला-उतरवायला सोपं असेल. माळव्यात त्याला एकच उत्तर आहे, हिरो स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन. ताकद आठ अश्वशक्तीच्या घरात. गिअरबॉक्स इंजिनातच, सुटे भाग गावोगावच्या दुकानात, आणि ज्याला ते खोलता येत नाही असा मेकॅनिक धार जिल्ह्यात शोधावा लागेल. नियमपुस्तकात त्याच्या बसवणुकीचं एक चित्र द्यावं: बोल्टची छिद्रं कुठे, चेनची रेषा कुठे, क्लचची वायर कुठून. चित्राप्रमाणे जागा केली असेल तर अदलाबदल व्हायला तास-दीड तास पुरतो.

आता सुरक्षा. इथे पैशाचा हिशेब पूर्ण बदलतो, आणि लेमन्सवाल्यांनीही हे पहिल्यापासून ओळखलं होतं. पाचशे डॉलरच्या मर्यादेत रोल केज, पट्टे, सीट, ब्रेक असली सुरक्षेची सामग्री ते धरतच नाहीत. धरली तर काय होईल ते उघड आहे. माणूस पट्ट्यात काटकसर करून ते पैसे इंजिनात घालेल. म्हणून सुरक्षेची यादी वेगळी, तिला खर्चाची मर्यादा नाही, आणि तिच्यात सूटही नाही.

बाहाची या बाबतीतली तपासणी मी तरी जशीच्या तशी घेईन, कारण तिच्यातल्या बहुतेक गोष्टी पिटमध्ये उभ्या उभ्या करून बघता येतात. चालक पूर्ण पोशाखात, पाच पट्ट्यांत बांधलेला, हातांना आवरणारे पट्टे लावलेले. शिट्टी झाली की पाच सेकंदांत गाडीच्या बाहेर पाय टेकायला हवा. घड्याळ दाखवा, प्रश्न मिटला. इंजिन बंद करण्याची दोन बटणं, एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेरून पोचेल असं. परीक्षक दोन्ही दाबून बघतो. चालक आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याची सलग भिंत. डोकं आणि पिंजऱ्याचा पाइप यांच्यात सहा इंचांचं अंतर. आणि ते संघातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवून मोजायचं. नाहीतर बुटका चालक आणून तपासणी उरकायची आणि शर्यतीला ताडमाड माणूस बसवायचा, हा डाव कुणाला ना कुणाला सुचतोच.

वेल्डिंगची तपासणी मला विशेष वाटते. तयार सांध्याकडे बघून आत वितळलेलं लोखंड किती खोल गेलंय ते कळत नाही. वरून माशाच्या खवल्यांसारखा सुंदर दिसणारा सांधा आत नुसता चिकटलेला असू शकतो. म्हणून नियम असा की गाडीवर ज्याने वेल्डिंग केलं, त्याच माणसाने त्याच पाइपाचे दोन नमुने करून आणायचे. एक काटकोनी सांधा, तो तुटेपर्यंत ओढलेला. पाइप फाटला पाहिजे, सांधा नाही. दुसरा तिरका सांधा, मधोमध कापून घासलेला, म्हणजे वितळणीची खोली डोळ्यांना दिसते. हातातल्या तुकड्यावर वाद घालता येत नाही. आपल्याकडे ओढायचं यंत्र प्रत्येक ठिकाणी नसतं, पण शिकंज्यात धरून मोठ्या पाइपाच्या तरफेने वाकवून तोडणं कुठल्याही वर्कशॉपात जमतं, आणि काटा नसला तरी तुटलं कुठे हे दिसतंच.

सगळ्यात जास्त संघ अडकतात ते ब्रेकच्या चाचणीत. गाडी थोडी पळवायची, ब्रेक दाबायचा, आणि चारही चाकं एकदम जाम होऊन गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे. ऐकायला किती सोपं. पण ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, पुढची जड. जड चाकाला जाम करायला जास्त जोर लागतो. तेव्हा पुढे-मागे दाब किती वाटायचा याचं गणित बरोबर हवं, मास्टर सिलिंडर योग्य मापाचा हवा, आणि नळीत हवेचा बुडबुडा नको. मग दुपारी उन्हात एक मुलगा पेडल दाबतो, दुसरा चाकाशी उताणा पडून ब्लीड निपल सैल करतो, तिसरा बाटलीत तेल टाकतो. "दाब! धर! सोड!" पुन्हा रांगेत. पुन्हा पुढचं डावं चाक फिरतच राहतं. वर्षभराची मेहनत एका चाकावर अडून बसते, तरी हा नियम सैल करू नये. ज्या गाडीला थांबता येत नाही तिला पळायचा परवाना कुणी द्यायचा?

कायद्याचीही एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि घरी जोडलेल्या अशा गाडीची नोंदणी होणं जवळपास अशक्य. तेव्हा स्पर्धा कुंपण घातलेल्या खाजगी जागेतच, गाडी येणार टेम्पोत आणि जाणार टेम्पोत. "फक्त पेट्रोल पंपापर्यंत" अशी सवलत एकदा दिली की ती नियमपुस्तकातून कधीच निघत नाही. आणि माळव्यात जागा निवडताना तारीख आधी ठरवावी. पावसात काळ्या मातीत ट्रॅक्टरही रुततो. डिसेंबर-जानेवारीत मुरमाड माळ बघावा. धुळीने एअर फिल्टर भरतील, तो त्रास चिखलापेक्षा बरा.

देवासच्या लोकांना नियम दोघांनी मिळून करायच्या भानगडीची वेगळी कल्पना द्यायला नको. पवार घराण्याच्या थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदत होती, दोघांचे राजे वेगळे, कारभार वेगळा, आणि गावातल्या रस्त्यांवरून हद्द गेलेली. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. दोन गावांनी मिळून स्पर्धा भरवली की धारचं एक नियमपुस्तक आणि देवासचं एक असा प्रकार होऊ लागतो. एक जण तोंडी सूट देतो, दुसरा तीच गोष्ट नाकारतो. म्हणून अर्थ लावण्याचा अधिकार एकाच माणसाकडे हवा, आणि त्याची स्वतःची गाडी स्पर्धेत नको. त्याने दिलेलं प्रत्येक उत्तर त्याच दिवशी सगळ्या संघांना मिळालं पाहिजे. खाजगीत दिलेलं उत्तर धरायचं नाही. स्पर्धेला महिना राहिला की नियम गोठले, चूक सापडली तरी. ती पुढच्या वर्षी सुधारायची.

तक्रारीचा नियम मी बाहाकडून जशाचा तसा उचलेन. निकाल लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत, लेखी, कोणत्या नियमाचा भंग झाला तो क्रमांक लिहून तक्रार द्यायची, आणि सोबत स्वतःचे पंचवीस गुण गहाण ठेवायचे. तक्रार खरी ठरली तर गुण परत, खोटी ठरली तर गेले. हजार गुणांच्या स्पर्धेत पंचवीस म्हणजे काही मोठं नुकसान नाही. पण "तो बघ कसा फसवतोय" असं पिटभर ओरडत फिरणाऱ्याला एक कागद आणि पेन हातात देऊन बसवायला तेवढं पुरतं. अर्ध्याहून जास्त तक्रारी नियमाचा क्रमांक शोधता शोधताच विरतात.

गुण कसे वाटायचे यावर स्पर्धेचं वळण ठरतं. बाहाच्या मूळ स्पर्धेत हजारातले चारशे गुण चार तासांच्या सहनशक्तीच्या शर्यतीला असतात. त्यामुळे चकचकीत पण नाजूक गाडी आपोआप मागे पडते. आपल्याकडे चार तास जास्त होतील, दोन तास ठेवावेत, पण गुण तेवढेच. मधे गाडी बंद पडली तर पिटमध्ये आणून दुरुस्त करायची मुभा असावी, आणि दुसऱ्या संघाचा पाना, वायर, माणूस घ्यायचीही. बाहेरच्या मेकॅनिकला मात्र बोलवायचं नाही.

बक्षिसाबाबत लेमन्सवाल्यांची अक्कल घ्यावी. तिथे सगळ्यात मोठा मान पहिल्या येणाऱ्याला मिळत नाही. ज्या गाडीकडून कुणाला काहीच अपेक्षा नव्हती आणि तरी ती बरीच पुढे गेली, तिला मिळतो. मोठं बक्षीस जिथे ठेवाल तिकडे लोक पैसा आणि डोकं वळवतात, म्हणून रोख रक्कम पहिल्या क्रमांकाला ठेवूच नये. पहिल्याला ढाल द्यावी आणि फोटो काढावा. रोख बक्षीस द्यायचंच तर शर्यतीच्या दिवशी दुसऱ्यांच्या गाड्या चालू करून देण्यात ज्यांचा सर्वात जास्त वेळ गेला त्या संघाला द्यावं. ते संघांनीच मतदानाने ठरवावं. मत गुप्त, स्वतःच्या संघाला देता येणार नाही, आणि मोजणी सगळ्यांसमोर, ढाल देण्याच्या आधी.